मराठीत विचार करू नका म्हणे!

इंग्रजी सुधारण्याचा एक रामबाण उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो असा की, आधी मराठीत विचार करणे सोडा. शाळेतले मास्तर हे छडी हातात घेऊन सांगत, आता क्लासवाले हजारो रुपये फी हातात घेऊन सांगतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना तर हा उपदेश इतक्यांदा ऐकवला जातो की, आपली भाषा म्हणजे वेळीच काढून टाकायला हवी होती अशी अक्कलदाढ आहे, असे त्यांना वाटू लागते. मी तेहतीस वर्षे बँकेत इंग्रजीत टिपणे लिहिली आणि रात्री घरी येऊन मराठीत कादंबऱ्या. दोन्ही कामे एकाच डोक्याने केली. हा उपदेश मला कधीच पटला नाही. तो का पटला नाही याचा नीट पुरावा मात्र एका परदेशी परीक्षेतल्या प्रश्नांनी हाती दिला, आणि तोही ते प्रश्न बंद होण्याच्या बेतात असताना.

परीक्षेचे नाव जीमॅट. अमेरिकेतल्या आणि आता जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत प्रवेश मिळवण्यासाठी ती द्यावी लागते. सुरू झाली १९५४ साली, वेगळ्या नावाने; हे नाव तिला १९७६ मध्ये मिळाले. हिच्या इंग्रजी विभागात ‘सेंटेन्स करेक्शन’, म्हणजे वाक्यदुरुस्ती, हा प्रकार अनेक दशके ठाण मांडून होता. शेवटच्या काही वर्षांत इंग्रजीचे छत्तीस प्रश्न पासष्ट मिनिटांत सोडवायचे असत आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश या जातीचे असत. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेची नवी, आटोपशीर आवृत्ती आली. तीत उताऱ्यावरचे प्रश्न आणि युक्तिवादावरचे प्रश्न राहिले, वाक्यदुरुस्ती गेली. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ पर्यंत देता येत होती. त्यानंतर हा प्रश्नप्रकार त्या परीक्षेतून निवृत्त झाला. ना सत्कार, ना शाल-श्रीफळ.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक लांबलचक वाक्य दिलेले असते. त्यातल्या काही भागाखाली, क्वचित सबंध वाक्याखाली, रेघ. खाली पाच पर्याय. त्यांतला पहिला पर्याय म्हणजे रेघेवरचाच मजकूर, जसाच्या तसा. म्हणजे वाक्यात काही चूक नाही असे तुमचे मत असेल तर तो निवडायचा. उरलेले चार म्हणजे दुरुस्तीचे उमेदवार. त्यांतले तीन दिसायला नीटनेटके पण आतून कुठेतरी किडलेले. कीड कुठे आहे ते सव्वा-दीड मिनिटात ओळखायचे. शब्दार्थ विचारत नाहीत, स्पेलिंग विचारत नाहीत, व्याकरणातल्या संज्ञाही विचारत नाहीत. ‘हे वाक्य जे म्हणू पाहते आहे तेच म्हणते आहे काय’, एवढेच विचारतात.

माझी भाची कऱ्हाडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे सांगलीला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. २०२३ च्या दिवाळीत तिने ठरवले की जुनी परीक्षा बंद होण्यापूर्वी ती देऊन टाकायची, आणि रविवारी सकाळी पुस्तक घेऊन ती आमच्याकडे येऊ लागली. गणिताची तिला भीती नव्हती. भीती होती ती इंग्रजीची, त्यातही या वाक्यांची. “मामा, ऐकायला सगळी बरोबरच वाटतात,” म्हणायची, “आणि क्लासमधले सर म्हणतात, तू अजून मराठीत विचार करतेस म्हणून तुझं चुकतं.”

एके दिवशी ती अडली ती अगदी बँकेच्या वाटेवर. मूळ वाक्य बरेच लांब होते, त्याची काडी तेवढी देतो: ‘द बँक डिमांडेड दॅट द बॉरोअर रीपे द लोन.’ हिने ‘रीपे’वर काट मारली आणि ‘रीपेज’ निवडले. का? तर कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणजे क्रियापदाला ‘एस’ हवाच. ‘ही गोज, शी गोज’ हे घोकून झालेल्या कुठल्याही मुलाला असेच वाटणार. मी तिला म्हटले, “अगं, पुस्तक मिट आणि हे मराठीत सांग बघू.” ती म्हणाली, “बँकेने मागणी केली की कर्जदाराने कर्ज फेडावे.” मी विचारले, “फेडतो का नाही म्हणालीस?” क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. फेडतो म्हणजे फेडतोच आहे. मग मागणी कशाला? फेडावे म्हणजे अजून फेडलेले नाही, फेडले पाहिजे. आपल्या ‘-आवे’ प्रत्ययाने जे काम होते तेच इंग्रजी ‘एस’ गाळून करते. या रूपाला त्यांच्याकडे ‘सब्जंक्टिव्ह’ असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे शाळेत विध्यर्थ शिकवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण भाजी आणायला सांगतानासुद्धा आपण तो बिनचूक वापरतो. मराठीत विचार केला म्हणून तिचे चुकले नव्हते. मराठीत विचार केला नाही म्हणून चुकले होते.

मग आम्हाला हा नादच लागला. या परीक्षेचा सर्वांत आवडता सापळा म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दहा-बारा शब्दांची गर्दी घुसवायची. ‘द लिस्ट ऑफ वर्कर्स...’ अशी सुरुवात करून, कामगार कुठले, कुठल्या गिरणीतले, कधी काढून टाकलेले, हे सारे सांगून शेवटी ‘वेअर’. ‘वर्कर्स’ अनेकवचनी आणि तो जवळ बसलेला, म्हणून कान फसतो. आता हे मराठीत बघा. ‘गिरणीतून काढलेल्या कामगारांची यादी तयार झाली.’ इथे ‘तयार झाले’ असे म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा! आपल्याकडे नामाला ‘चा-ची-चे’ लागला की ते नाम क्रियापदावर हुकमत गाजवण्याच्या शर्यतीतून बाद होते. इंग्रजीतल्या ‘ऑफ’च्या मागून येणाऱ्या नामाचेही तसेच. त्यांच्याकडे ते दिसत नाही, आपल्याकडे प्रत्ययामुळे आणि सामान्यरूपामुळे डोळ्यांना दिसते, एवढाच फरक.

खरे तर क्रियापद कोणाच्या तालावर चालते हा प्रश्न मराठी माणसाइतका रोज कोण सोडवतो? रामाने आंबा खाल्ला, रामाने आंबे खाल्ले, रामाने चिंच खाल्ली. खाणारा राम तोच, पण क्रियापद नाचते ते खाल्लेल्या वस्तूच्या तालावर. आणि सीतेने रावणाला ओळखले म्हटले की ते दोघांचेही ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी, भावे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले तेव्हापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत, आणि त्यानंतरही, आपले व्याकरणकार या प्रयोगांवरून आपसांत भांडत आले आहेत. इतका अवघड खेळ जे मूल शाळेत जाण्याआधी बिनचूक खेळते, त्याला इंग्रजीतला ‘इज’ आणि ‘आर’ जड का जावा? जड जातो, कारण ते आपले हत्यार घरी ठेवून लढायला जाते. ठेवायला आपणच सांगितलेले असते.

याचा अर्थ मराठी नेहमीच तारते असे नाही. काही ठिकाणी ती सरळ खड्ड्यात नेते, आणि ते खड्डेही ठरलेले आहेत. ‘खिडकीतून बाहेर बघताना डोंगर दिसला’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. बघणारा मी, दिसला डोंगर, आणि ‘मला’ हा शब्द न उच्चारताही हजर. हेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून नेले की डोंगरच खिडकीतून बाहेर बघू लागतो, कारण सुरुवातीच्या क्रियेचा कर्ता तोच मुख्य वाक्याचा कर्ता असा तिकडचा करार आहे. आपल्याकडे दिसणे, आठवणे, आवडणे, भूक लागणे या साऱ्या गोष्टी ‘मला’ होतात. ‘मी’ त्या करत नाही. जगाकडे बघण्याची ही आपली एक ऐसपैस रीत आहे आणि मला ती आवडते. पण परीक्षेत ती पाचांतल्या चुकीच्या पर्यायावर नेऊन सोडते.

दुसरा खड्डा तुलनेचा. मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. परीक्षक विचारतो, लोकसंख्येची तुलना शहराशी कशी? पुण्याच्या लोकसंख्येशी करा. तिसरा, ‘माझा एक मित्र’. आपल्याकडे मित्र एकच, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’. त्यांच्याकडे आधी सगळे मित्र गोळा करून त्यातून एक उचलायचा, म्हणून ‘फ्रेंड्स’. ‘ए’ आणि ‘द’ची तर गोष्टच सोडा. आपल्याकडे ती जातच नाही, आणि मोठमोठे अधिकारी निवृत्त होईपर्यंत त्यांची धास्ती बाळगून असतात.

पण हे खड्डे टाळायचे कसे? मराठी विसरून? मी म्हणतो, मराठी कुठे वेगळी वळते हे माहीत करून घेऊन. खड्डा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे तोच वळसा घालू शकतो. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवल्या. त्यांत हेच होते, इकडे मराठी वाक्य, तिकडे इंग्रजी. पुढे भाषांतराने इंग्रजी शिकणे मागासलेपणाचे ठरले. इंग्रजी थेट कानावाटे यावे, अशी टूम निघाली. कानावाटे भाषा येते, हे खरेच. पण ज्याच्या घरात, गल्लीत, एसटीत ती भाषा ऐकूच येत नाही त्याने कान कुठून आणायचा? आणि गंमत अशी की, वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत तो कान असलेल्यांचीही फजिती होई. ज्याची मातृभाषाच इंग्रजी तो ‘बरे वाटते’ म्हणून उत्तर देऊन मोकळा होतो, आणि बरे वाटावे अशा बेताने तर चुकीचे पर्याय रचलेले असतात. इथे आमच्या कऱ्हाडकरणीला निदान समान संधी होती. उच्चार कोणी ऐकत नव्हते, शाळा कोणती हे कोणी विचारत नव्हते.

या प्रश्नांवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की यात व्याकरणाच्या नावाखाली शिष्टाचारच फार. तो काही अंशी मान्य करायला हवा. रॉबर्ट लौथ नावाच्या पाद्र्याने १७६२ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवण्याची सवय भारदस्त लेखनाला शोभत नाही असे नोंदवले. हे नोंदवणाऱ्या वाक्यातच त्याने एक अव्यय शेवटी ठेवले! असले पुष्कळ नियम पुढे पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या मानेवर बसले.

दुसऱ्या एका अमेरिकी परीक्षेतला किस्सा तर प्रसिद्धच आहे. ऑक्टोबर २००२ च्या पीएसएटी या शालेय परीक्षेत टोनी मॉरिसन या नोबेलविजेत्या कादंबरीकार बाईंच्या प्रतिभेविषयी एक वाक्य होते. चूक शोधा, असा प्रश्न. अपेक्षित उत्तर, चूक नाही. मेरीलँडच्या एका शिक्षकाने हरकत घेतली की ‘मॉरिसनची’ हे षष्ठीचे रूप आहे, ते विशेषणासारखे. ‘तिला’ या सर्वनामाने त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. परीक्षा मंडळाने बरीच टाळाटाळ करून अखेर २००३ मध्ये तो प्रश्न रद्द केला. मग भाषाशास्त्रज्ञ उठले आणि म्हणाले, असला नियम मुळात नाहीच! मी हे वाक्य मराठीच्या वजनावर तोलून पाहिले. ‘बहिणाबाईंच्या ओव्यांनी त्यांना घराघरात पोचवले.’ ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, असे विचारणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. तेव्हा नियम आणि शिष्टाचार यांतला फरक ओळखायलाही दुसरी भाषा हाताशी असलेली बरी.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. वाक्ये आता संगणक दुरुस्त करतो, मग माणसाने का शिकायचे? यावर मी बँकेतली एक हकीकत सांगतो. मी विभागीय कचेरीत असताना मुख्य कचेरीचे एक इंग्रजी सर्क्युलर आले. आशय असा: छोटे व्यापारी आणि शेतकरी, ‘हू हॅव डिफॉल्टेड’, म्हणजे जे थकले आहेत, त्यांच्या कर्जांचे नूतनीकरण करू नये. आता थकले आहेत ते कोण? फक्त शेतकरी, की व्यापारीसुद्धा? एका शाखाधिकाऱ्याने वाचले की थकलेल्या शेतकऱ्यांचे आणि सरसकट सर्वच छोट्या व्यापाऱ्यांचे नूतनीकरण बंद. दुसऱ्याने वाचले की दोन्हींतल्या फक्त थकबाकीदारांचे. व्याकरणाने दोघेही बरोबर. पहिल्याच्या शाखेत आठवडी बाजारात मिरची-मसाल्याचे दुकान लावणारा एक गृहस्थ होता, सात वर्षांत एक हप्ता न चुकवलेला. त्याला नकार मिळाला. त्याची तक्रार माझ्या टेबलावर आली, मी ती वर पाठवली, आणि खुलाशाचे सर्क्युलर यायला तीन महिने लागले. तोवर ऐन हंगामात त्याने माल भरला तो सावकाराच्या पैशांनी. व्याज काय लागले ते त्याने मला सांगितले नाही, मीही विचारायला धजलो नाही.

त्या सर्क्युलरमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती. आजच्या संगणकाला दिले असते तर त्याने ते आणखी गुळगुळीत करून दिले असते. दोन्ही अर्थांची वाक्ये तो सारख्याच सफाईने लिहील. पण यांतला कोणता अर्थ मुख्य कचेरीच्या मनात होता हे त्याला कोणीतरी सांगावे लागेल, आणि सांगायचे तर आधी इथे दोन अर्थ निघतात हे त्या कोणाला तरी दिसावे लागेल. ते दिसणे हीच वाक्यदुरुस्ती. ज्या परीक्षेतून उद्याचे बँकर आणि कंपन्यांचे अधिकारी निवडले जातात तिने नेमके तेच गाळावे याचे मला वाईट वाटते. युक्तिवादाचे प्रश्न ठेवले म्हणतात. पण वाक्याच्या पायालाच वाळवी लागलेली असेल तर युक्तिवादाचा मजला उभा कशावर करणार?

भाचीने जानेवारीत परीक्षा दिली. गणितापेक्षा इंग्रजीत तिची कामगिरी सरस ठरली आणि आमच्या घरात दोन दिवस कोणाचा विश्वास बसला नाही, तिचा तर नाहीच. पुढच्या प्रवेशाचे निर्णय तिचे तिने घेतले; तो वेगळा विषय.

वाक्यदुरुस्ती जगातून संपलेली नाही. अमेरिकेच्या एसएटी परीक्षेत तिची भावंडे आहेत, आपल्याकडच्या बँकभरतीच्या परीक्षांत चूक शोधण्याचे प्रश्न असतातच. माझा प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी वाक्याला इतके कसून तपासणारे आपण मराठी वाक्याला कधी तपासतो? मी पाहिलेल्या मराठीच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका विचारतात, प्रयोग ओळखा, समास ओळखा, शुद्ध शब्द निवडा. म्हणजे नावे विचारतात. प्रयोगाचे नाव सांगणारा मुलगा बातमी लिहितो, ‘दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी तिघांना पकडले’, आणि पोलीस कधी प्यायले ते वाचकाने समजून घ्यायचे. ज्या मुलाला हे वाक्य खुपत नाही त्याला इंग्रजीतला खिडकीतून बघणारा डोंगर खुपेल अशी अपेक्षा आपण कशी करतो?

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत असे पाचच प्रश्न घालावेत असे मला वाटते. संधी-समासांतले पाच गुण कमी करून घाला हवे तर. सामग्री शोधायला लांब जायला नको. मध्यंतरी शिष्यवृत्तीच्या एका अर्जावर सूचना वाचली: ‘अर्जदाराने वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला त्यांच्या सहीसह जोडावा.’ सही कोणाची? वडिलांची, की दाखला देणाऱ्या तहसीलदारांची? विद्यार्थ्याची म्हणावी तर ‘आपल्या’ हवे होते, पण लिहिणाऱ्याने तो फरक पाळला असेल याची खात्री काय? खिडकीशी दोन मुली उभ्या होत्या. एकीने वडिलांची सही आणली होती, दुसरीने स्वतःची केली होती. आतल्या कारकुनाने दोघींचेही अर्ज परत केले आणि उद्या या म्हणून सांगितले.